ताळा जुळला, समीकरण चुकलं

ती आली तीच उत्तरपत्रिका हातात धरून. दहावी, मराठी माध्यम, सहामाही, विज्ञान भाग १. चाळीसपैकी एकोणीस. सोबत आत्या. "गणितात वर्गात पहिली असते हो बाई, आणि इथं हे असं," एवढं बोलून आत्या दारातल्या खुर्चीवर टेकली आणि पुढचा अर्धा तास काही बोलली नाही. अशा आत्या दुर्मीळ असतात.

मुलगी मूळची नारायणगावच्या बाजूची. घरची द्राक्षबाग. नववीपासून पुण्यात, वारज्याला आत्याकडे राहते. मी शाळेतून निवृत्त झाले त्याला आता सहा वर्षं झाली. नारायण पेठेतल्या माझ्या दोन खोल्यांत संध्याकाळी चार-पाच मुलं येतात. कुणी त्याला क्लास म्हटलं की मला राग येतो, पण आता सगळेच म्हणतात. या मुलीबरोबर मी दिवाळीनंतरचे साधारण सात आठवडे घालवले. त्यातले पहिले दोन वाया गेले आणि ते माझ्यामुळे गेले, म्हणून हे सगळं लिहून ठेवते आहे.

सूत्रं इथे आपण वर्गात उच्चारतो तशीच लिहिली आहेत. शिक्षकांना ती ऐकायची सवय असतेच.

प्रश्न सगळ्यांच्या ओळखीचा होता. सोडियम हायड्रॉक्साइड आणि सल्फ्युरिक आम्ल यांची अभिक्रिया होऊन सोडियम सल्फेट आणि पाणी तयार होतं, समीकरण संतुलित करा. म्हणजे डावीकडे एनएओएच आणि एच टू एसओ फोर, उजवीकडे एनए टू एसओ फोर आणि एच टू ओ. दोन मिनिटांचं काम आहे. एनएओएचच्या आधी दोन, पाण्याच्या आधी दोन, संपलं.

तिने उजवीकडे लिहिलं होतं: एनए एसओ फोर अधिक एच थ्री ओ. खाली सुबक तक्ता. सोडियम एकास एक. गंधक एकास एक. ऑक्सिजन पाचास पाच. हायड्रोजन तिनास तीन. तपासणाऱ्याने त्यावर लाल फुली मारून शून्य दिलं होतं, शेरा काही नाही.

मी तक्ता पुन्हा मोजला. बरोबर होता. एकही अणू हरवलेला नव्हता, एकही जास्तीचा आलेला नव्हता. सोडियमचा खालचा दोन काढून टाकला आणि पाण्याच्या हायड्रोजनला एक वाढवला, की सगळं चोख बसतं. इतकी वर्षं हे समीकरण फळ्यावर लिहिलं, पण असंही ते जुळतं हे माझ्या कधी लक्षात आलं नव्हतं.

"ताळा जुळतोय की बाई," ती म्हणाली. आवाजात तक्रार नव्हती, खरोखरचं कोडं होतं.

सायकल आणि रिक्षा

पहिल्या आठवड्यात मी तेच केलं जे कुठलाही शिक्षक करतो. "खालच्या आकड्याला हात लावायचा नाही, फक्त पुढे आकडा लावायचा," असा नियम सांगितला आणि वीस समीकरणं दिली. दुसऱ्या दिवशी ती वीसच्या वीस सोडवून घेऊन आली. तेरा बरोबर. उरलेल्या सातांत खालचे आकडे बदललेले, आणि सातही ठिकाणी ताळा जुळलेला. नियम पाठ होता. अडचण आली की ती तो मोडायची, आणि मोडल्याची तिला खंत वाटत नसे, कारण हिशेब तर बसत होता.

मग मी सायकल काढली. पुण्यात माझ्या वयाच्या माणसाला दुसरा दृष्टान्त सुचत नाही. एक सांगाडा, दोन चाकं, मिळून एक सायकल. "तुझ्याकडे सांगाडा एक आणि चाकं तीन आहेत. उरलेल्या चाकाचं काय करशील? सायकलला तिसरं चाक लावशील, की आणखी एक सांगाडा आणि एक चाक शोधशील?"

"तीन चाकी असते की बाई. रिक्षा."

मी हसले आणि मग थांबले, कारण उत्तर माझ्या प्रश्नापेक्षा चांगलं होतं. "बरं, मग ती सायकल राहिली का?" नाही राहिली. पाण्याच्या ऑक्सिजनला एक वाढवला की एच टू ओ टू होतं, आणि ते खरंच असतं. हायड्रोजन पेरॉक्साइड. जखम धुवायला सौम्य करून वापरतात, ते पिऊन तहान भागत नाही. म्हणजे खालचा आकडा बदलला की पदार्थ बदलतो. कधी नवा पदार्थ खरा निघतो, रिक्षासारखा, आणि कधी असं वाहन मुळात नसतंच. एच थ्री ओ धन प्रभार घेऊन आम्लाच्या पाण्यात फिरतं खरं, पण ते आयन आहे, पेल्यात ओतायचं पाणी नव्हे. तो विषय पुढच्या वर्गांचा.

इथे मला स्वतःच्या शिकवण्यातली एक फट दिसली. समीकरण का संतुलित करायचं, याचं कारण आपण मुलांना एकच सांगतो: द्रव्य अक्षय्यतेचा नियम, लव्हाझिए, अभिक्रियेच्या आधी जेवढं वस्तुमान तेवढंच नंतर. तिच्या एच थ्री ओने हा नियम कुठे मोडला होता? कुठेच नाही. तिने मोडला होता तो नववीतला दुसरा नियम, प्राऊस्टचा स्थिर प्रमाणाचा. पाणी विहिरीतलं असो की खडकवासल्याचं, त्यात हायड्रोजन आणि ऑक्सिजन वजनाने एकास आठ असतात. एच थ्री ओमध्ये ते तिनास सोळा झाले असते. समीकरण जुळवताना हे दोन्ही नियम एकाच वेळी पाळावे लागतात, आणि आपण दुसऱ्याचं नावच काढत नाही. त्याची जागा घेतो तो "खालच्या आकड्याला हात लावायचा नाही" हा दटावणीचा सूर.

त्या दिवसापासून तिने खालचे आकडे बदलणं सोडलं. मला वाटलं, झालं.

पुढच्या दिवशी तेच समीकरण पुन्हा दिलं. वही कोरी. खालचा आकडा बदलायचा नाही हे कळलं होतं, पण पुढे दोन लावायलाही हात धजत नव्हता.

"लाव की दोन."

"पण बाई, आपण तर एकच घेतलंय ना?"

"एक काय?"

ती जरा गोंधळली. मग म्हणाली, "किलो."

एकास एक

तिच्या घरी दर हंगामात बोर्डो मिश्रण होतं. ज्यांचा बागेशी संबंध नाही त्यांच्यासाठी: मोरचूद (म्हणजे कॉपर सल्फेटचे निळे स्फटिक) आणि चुना वेगवेगळे पाण्यात कालवून एकत्र करायचे आणि ते निळसर दूध वेलींवर फवारायचं. केवडा या वेलीच्या रोगावर, ज्याला बागायतदार सर्रास डाऊनी म्हणतात, हा जुना आणि भरवशाचा उपाय. एक टक्क्याच्या मिश्रणाचं प्रमाण तिला पाढ्यासारखं पाठ: एक किलो मोरचूद, एक किलो चुना, शंभर लिटर पाणी. तिच्या आजोबांना सगळे तात्या म्हणतात. तात्या ड्रमशी उभे राहायचे आणि ही लहानपणापासून त्यांना सामान हातात द्यायची.

नववीत कधीतरी शिक्षकांनी याच मिश्रणाचं समीकरण सांगितलं होतं. कॉपर सल्फेट अधिक कॅल्शियम हायड्रॉक्साइड, बाण, कॉपर हायड्रॉक्साइड अधिक कॅल्शियम सल्फेट. सगळीकडे एक. आधीच संतुलित, कुठे काही लावायची गरज नाही. (खऱ्या ड्रममधला साका इतका साधा नसतो, त्यात सल्फेट धरून बसलेले तांब्याचे गुंतागुंतीचे क्षारही असतात. शाळेपुरतं हे रूप चालतं.)

आता तिच्या जागी बसून बघा. घरी एक किलोला एक किलो. वहीत एकाला एक. तिच्या डोक्यात समीकरण म्हणजे ड्रमची पाककृती होऊन बसली, आणि सूत्रापुढचा आकडा म्हणजे किलो. हा समज चुकीचा आहे हे तिला कळणार कुठून? तिच्या माहितीतल्या एकमेव खऱ्याखुऱ्या अभिक्रियेने तो पक्का केला होता. म्हणूनच एनएओएचपुढे दोन लावणं म्हणजे तिच्या लेखी प्रश्नात दिलेल्यापेक्षा जास्त माल घेणं, एक प्रकारची लबाडी. त्यापेक्षा उजवीकडचा एखादा बारीक आकडा पुसणं तिला जास्त प्रामाणिक वाटत होतं.

मला हे कळायला दोन आठवडे लागले, कारण "एक काय?" हा प्रश्न मी विचारलाच नव्हता. एकतीस वर्षांत कुणालाच विचारला नव्हता.

त्या संध्याकाळी रसायनशास्त्र बाजूला ठेवलं आणि पूजेचं तबक काढलं. विडा कसा मांडतात? दोन पानं, वर एक सुपारी. दहा विडे मांडायचे तर मंडईतून काय आणशील? वीस पानं, दहा सुपाऱ्या. पानवाल्याला कधी म्हणशील का, दोन किलो पानं द्या, कारण सुपारी एक किलो घेतली आहे? ती हसली. नागवेलीची दोन किलो पानं म्हणजे केवढी, हे तिला माझ्यापेक्षा चांगलं माहीत होतं.

मग पुन्हा समीकरण. एनएओएच ही पानं, एच टू एसओ फोर ही सुपारी. पुढचा दोन हा नग आहे. नगाचं वजन प्रत्येकाचं वेगळं: एनएओएच चाळीस, सल्फ्युरिक आम्ल अठ्ठ्याण्णव. म्हणजे ८० ग्रॅमला ९८ ग्रॅम. उजवीकडे सोडियम सल्फेट १४२ आणि पाण्याचे दोन नग ३६. दोन्हीकडे १७८. तिने ही बेरीज तीनदा करून पाहिली. गणितात पहिली येणारी मुलगी ती, आकडे जुळले की तिचा चेहरा बदलतो. नग जुळतात आणि वजनही जुळतं, पण नगांचं प्रमाण आणि वजनांचं प्रमाण या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे तिने स्वतःच्या शब्दांत वहीच्या मागच्या पानावर लिहिलं. ते वाक्य मी उतरवून घेतलेलं नाही, तिचंच आहे.

अर्थात लगेच पुढचा प्रश्न आला. तो येणारच होता. "मग मोरचूद आणि चुन्याचं वजन काढू?"

काढलं. मोरचूद म्हणजे नुसतं कॉपर सल्फेट नव्हे, प्रत्येक नगाबरोबर पाण्याचे पाच रेणू स्फटिकात बसलेले असतात. तांबं साडेत्रेसष्ट, सल्फेट शहाण्णव, पाणी नव्वद, मिळून सुमारे २५०. (म्हणजे दुकानातून किलोभर मोरचूद आणलं तर त्यात सुमारे ३६० ग्रॅम पाणीच. हे ऐकून तिने जो चेहरा केला तो शेतकऱ्याच्या मुलीचाच होता.) कळीचा चुना (पाण्यात विझला की कॅल्शियम हायड्रॉक्साइड होतो तो) ५६. अडीचशे ग्रॅमला छप्पन ग्रॅम. किलोला २२४ ग्रॅम. पाव किलोसुद्धा नाही.

ती बराच वेळ त्या आकड्याकडे बघत राहिली. "मग तात्या किलोभर का टाकतात?"

मी म्हटलं, बाजारातला चुना शुद्ध नसतो, जुना असला तर हवेतच अर्धा मेलेला असतो. शिवाय थोडं तांबं जरी मोकळं राहिलं तरी पानं करपतात, म्हणून चुना सढळ हाताने घेतात. उत्तर बरोबर होतं. पण तिचं समाधान झालं नाही हे मला दिसलं, आणि विषय तिथेच राहिला.

विस्थापित आणि साटंलोटं

अभिक्रियांचे प्रकार हा दुसरा खड्डा. दहा अभिक्रियांपैकी सातांपुढे तिने "संयोग" लिहिलं होतं. कारण विचारलं तर सरळ उत्तर: दोन वस्तू एकत्र केल्या की संयोग. आपल्या रोजच्या मराठीत संयोगाचा अर्थ तोच आहे, तिची काय चूक? पारिभाषिक शब्द जितका ओळखीचा, तितका तो जास्त फसवतो.

यावर बोलून उपयोग नव्हता. रविवारी बोहरी आळीतून पन्नास ग्रॅम मोरचूद आणलं, कोपऱ्यावरच्या पानपट्टीवरून चुन्याची डबी, आणि घरातले चार लोखंडी खिळे पॉलिश पेपरने घासून ठेवले. प्लास्टिकचे पेले, हातमोजे. मोरचूद विषारी आहे, हे मी दोनदा बजावलं, आणि तिने मला तिसऱ्यांदा बजावलं, कारण ते तिने जन्मापासून ऐकलं होतं.

चमचाभर मोरचूद पाण्यात विरघळवलं. स्वच्छ, गर्द निळं. त्यात खिळा सोडला. पाचेक मिनिटांत खिळ्यावर तांबूस थर चढायला लागला.

"हा तर विळा!" ती जवळजवळ ओरडलीच.

बागेत मिश्रण तयार झालं की तात्या विळ्याचं पातं त्यात बुडवतात. पातं तांबूस झालं तर चुना कमी पडला, अजून घाला. पातं स्वच्छ निघालं तर फवारायला हरकत नाही. हे तिने शेकडो वेळा पाहिलं होतं, पण त्याला कधी अभिक्रिया म्हणून पाहिलं नव्हतं. त्या दुपारी पुढचा अर्धा तास शिक्षिका तीच होती. पेल्यात काडीने चुना घालून ढवळायची, नवा खिळा बुडवायची, वर काढून उजेडात धरायची. पहिल्या काडीनंतर पाणी गढूळ निळं, खिळा तांबूस. दुसऱ्या काडीनंतर तांबूसपणा फिका. तिसऱ्या वेळी आकाशी रंगाचा दाट साका खाली बसला, वरचं पाणी जवळजवळ रंगहीन, आणि खिळा जसाच्या तसा.

"आता सांग, इथे अभिक्रिया किती झाल्या?"

एक, असं आधी म्हणाली. मग थांबली. दोन. मोरचूद आणि चुन्याची एक, मोरचूद आणि लोखंडाची दुसरी. निळं पाणी तेच, पण जोडीदार वेगळा.

बाणाच्या दोन्ही बाजू कागदावर मांडल्या. लोखंड डावीकडे एकटं, कुणाशी जोडलेलं नाही. उजवीकडे तांबं एकटं. लोखंडाने तांब्याला सल्फेटपासून उठवलं आणि त्याची जागा घेतली. विस्थापन हा शब्द मी उच्चारला तेव्हा ती म्हणाली, "धरणग्रस्तांसारखं." तिच्या आईचं माहेर आंबेगाव तालुक्यातलं, डिंभे धरणाच्या पाण्यात गेलेल्या गावांपैकी एक. विस्थापित म्हणजे काय, हे तिला पुस्तकातून शिकायचं नव्हतं. तात्या मिश्रणाला लोखंडी पिंप का वापरत नाहीत, हेही तिने त्याच दमात सांगितलं: तांबं पिंपावर बसेल आणि लोखंड मिश्रणात जाईल.

दुहेरी विस्थापनापाशी मात्र हा शब्द लंगडा पडतो. चुना आणि मोरचूद यांत बेघर कुणीच होत नाही. तांबं सल्फेट सोडून हायड्रॉक्साइडकडे गेलं, कॅल्शियम हायड्रॉक्साइड सोडून सल्फेटकडे गेलं. दोन घरं, दोन जोड्या, अदलाबदल. मी हे समजावत असतानाच ती म्हणाली, "साटंलोटं!"

याच्यापुढे मी काय बोलणार? यांची मुलगी त्यांच्या घरी, त्यांची मुलगी यांच्या घरी. परीक्षेत दुहेरी विस्थापनच लिहायचं, पण ओळखायचं साटंलोटं म्हणून. या शब्दाने आणखी एक काम झालं. साटंलोटं करताना माणसं अदलाबदल होतात, मोडत नाहीत. सल्फेटचं गाठोडंही तसंच आख्खं इकडून तिकडे जातं, म्हणून ताळा घेताना ते सोडून गंधक वेगळं, ऑक्सिजन वेगळा मोजायची गरज नाही. तिचा तक्ता एकदम निम्मा झाला.

उरलेले दोन प्रकार चुन्यानेच उरकले. चुनखडी भट्टीत भाजली की कळीचा चुना आणि कार्बन डायऑक्साइड: एकाचे दोन झाले, अपघटन, आणि सतत आच लागते म्हणून उष्माग्राही. कळीच्या चुन्यावर पाणी घातलं की रटरटतो, वाफ येते, तात्या मुलांना जवळ फिरकू देत नाहीत: दोनांचं एक झालं, हा खरा संयोग, उष्मादायी. बाणाच्या उजवीकडे डोकी किती, एवढं आधी मोज, मग नाव दे.

मधल्या चहाला मी तिला बोर्डो या नावाची गोष्ट सांगितली. १८८२ मध्ये फ्रान्सच्या बोर्डो भागात मिलार्दे नावाच्या वनस्पतिशास्त्राच्या प्राध्यापकाला दिसलं की रस्त्याकडेच्या वेलींना केवडा लागलेला नाही, आतल्यांना लागला आहे. चौकशी केली तर कळलं, येणारे-जाणारे द्राक्षं तोडतात म्हणून मालकाने कडेच्या वेलींवर मोरचूद आणि चुना शिंपडला होता, निळी कडू द्राक्षं कुणी खाऊ नये म्हणून. त्यावर प्रयोग करून मिलार्देने १८८५ मध्ये हे मिश्रण जाहीर केलं. "आमच्याकडेही कडेची ओळ आपली नसतेच," ती म्हणाली.

पेल्यांतलं उरलेलं मी मोरीत ओतलं नाही. जुन्या बरणीत गच्चीवर सुकत ठेवलं. साका अजून तिथेच आहे.

सहा हात

आता एक अडचण माझ्या लक्षात आली. विळा एकास एक, ड्रम एकास एक, भट्टी एकास एक. तिच्या बागेतली सगळी उदाहरणं आधीच संतुलित. प्रकार ओळखायला ती सोन्यासारखी, पण पुढचा आकडा लावण्याचा सराव त्यातून होणार नाही. म्हणून शेवटच्या निळ्या पेल्यात खिळ्याऐवजी ॲल्युमिनियमची तार टाकली आणि चिमूटभर मीठ. मीठ यासाठी की ॲल्युमिनियमवर ऑक्साइडचा चिवट पापुद्रा असतो, त्याला मिठातला क्लोराइड भगदाड पाडतो. थोड्या वेळात तारेला तपकिरी-तांबूस लव फुटली.

लिही म्हटलं. प्रकार विचारावाच लागला नाही. पण ॲल्युमिनियमची संयुजा, म्हणजे जोडायचे हात, तीन, तांब्याची दोन, सल्फेटची दोन. तिने ॲल्युमिनियम सल्फेटचं सूत्र नीट काढलं: दोन ॲल्युमिनियम, तीन सल्फेट. आता डावीकडे? वीस सेकंद पेन्सिल हवेत.

"लसावि काढू?"

दोन आणि तीनचा लसावि सहा. दोन ॲल्युमिनियमचे सहा हात, तीन तांब्यांचे सहा हात. ॲल्युमिनियमपुढे दोन, कॉपर सल्फेटपुढे तीन, उजवीकडे तांब्यापुढे तीन. खालच्या एकाही आकड्याला हात न लावता. आणि मी न विचारता तिने शेजारी वजनं मांडली: ५४ ग्रॅम ॲल्युमिनियम, ७५० ग्रॅम मोरचूद. दोनास तीन कुठे आणि हे कुठे. तिने दोन्हींखाली एकेक रेघ ओढली.

पुढचे आठवडे सरावाचे होते, त्यांत सांगण्यासारखं फार नाही. एक मात्र सांगते. स्वयंपाकाच्या गॅसमधल्या ब्यूटेनचं ज्वलन दिलं होतं. कार्बनचे चार, पाण्याचे पाच जुळवल्यावर ऑक्सिजनपुढे तिने साडेसहा लिहिलं, आणि माझ्याकडे न बघता खोडून सगळं दुप्पट केलं: दोन ब्यूटेन, तेरा ऑक्सिजन, आठ कार्बन डायऑक्साइड, दहा पाणी. का, म्हटल्यावर म्हणाली, "सुपारी अडकित्त्याने फोडता येते बाई. ऑक्सिजनचा रेणू फोडला तर तो रेणूच नाही राहत." किलोच्या जगात राहिलेली मुलगी साडेसहाला अडखळली नसती. साडेसहा किलो बाजारात रोज मिळतं.

पूर्वपरीक्षेत तिला चाळीसपैकी तेहेतीस मिळाले. गेलेल्या सातांतले चार भिंगांनी नेले, त्याच्याशी या प्रकरणाचा संबंध नाही.

उरलेला चुना

संक्रांतीला ती गावी जाऊन आली. वाकडेवाडीला एसटीतून उतरून थेट माझ्याकडे, हातात तिळाच्या वड्या आणि वही. तात्यांना तिने तो २२४ ग्रॅमचा हिशेब दाखवला होता. मला थोडी धाकधूक होती. नातीने शहरातून येऊन तुमचं प्रमाण चौपट आहे म्हणून सांगावं, हे कुणाला रुचेल?

तात्या म्हणाले होते, "किलो भिजवतो. सगळा ओततो कुठं? विळा सांगतो तेवढा."

म्हणजे किलोला किलो हे त्यांचं प्रमाण नव्हतंच. तो बाजारातून आणायचा आकडा. खरं माप विळ्याचं, आणि विळा तोच हिशेब करत होता जो आम्ही संध्याकाळभर बसून केला. मी सढळ हाताचं आणि जुन्या चुन्याचं दिलेलं उत्तर चुकीचं नव्हतं, पण त्या ड्रमचं ते उत्तर नव्हतं.

"मग उरलेल्याचं काय करतात, विचारलंस?"

"विचारलं ना. गोठ्याच्या भिंतीला मारतात." तिने वही पुढे केली. त्याचंही समीकरण एसटीत लिहून आणलं होतं. भिंतीवरचा चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड घेतो, पुन्हा चुनखडी होतो आणि पाणी सोडतो. कॅल्शियम एकास एक, कार्बन एकास एक, हायड्रोजन दोनास दोन, ऑक्सिजन चारास चार. खाली "प्रकार" असा रकाना आखलेला, आणि तो रिकामा.

"हा कुठला, बाई? उजवीकडे दोन आहेत, म्हणजे संयोग नाही. एकटं मूलद्रव्य कुणीच नाही, म्हणजे विस्थापन नाही. आणि साटंलोटं म्हणावं तर कार्बन डायऑक्साइडकडे द्यायला मुलगीच नाही."

मी वडीचा तुकडा तोंडात टाकला. चार प्रकारांच्या तक्त्यात हे बसत नाही, कार्बन डायऑक्साइड आम्लधर्मी आणि चुना आम्लारी म्हणून याला उदासिनीकरण म्हणता येईल, असं सांगितलं. तिने रकान्यात तसं लिहिलं, पुढे छोटं प्रश्नचिन्ह काढलं, आणि ते मी खोडायला लावलं नाही.